दहावीत कोकण पहिलं, पण तिसरीचं काय? शाळा विकास आराखडा पालकांनी का वाचावा

मांडवी (रत्नागिरी) : दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता सवयीची झाली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या विभागाचा निकाल २०२४ साली ९९.०१ टक्के, तर २०२५ साली ९८.८२ टक्के लागला. आनंदाचीच गोष्ट. पण हा आकडा दहावीपर्यंत पोचलेल्या मुलांचा. मराठी शाळेत तिसरीला बसलेल्या पोराला धडा वाचता येतो की अडखळतं, हे त्यातून कळत नाही. ते लिहून ठेवता येईल असा एक कागद प्रत्येक शाळेत असतो. त्याचं नाव शाळा विकास आराखडा.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कलम २२ प्रमाणे हा आराखडा त्या समितीने करायचा असतो. मांडवी नगर परिषदेच्या हद्दीत येते, शहराबाहेरच्या वाड्यांत जिल्हा परिषदेची शाळा. नियम दोघांनाही तोच. समितीत किमान ७५ टक्के पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतलाच. मुख्याध्यापक सचिव. म्हणजे कागद लिहितात गुरुजी, पण तो असतो पालकांचा. प्रत्यक्षात बहुतेक पालकांचा त्याच्याशी संबंध सहीपुरताच येतो, हे कुणीही मान्य करील.

आराखडा तीन वर्षांचा, त्यात दरवर्षीचा वेगळा. पुढच्या वर्षांत इयत्तावार पट किती असेल, शिक्षक किती कमी पडतील, खोल्या आणि साहित्य काय लागेल, जादा पैसा किती, असे त्यातले मुख्य मुद्दे. आता नीट बघा. मुलांना वाचायला, गणित करायला किती येतं, हा मुद्दा यात कुठेच नाही. मग आराखडा भरतो तो कंपाऊंड, रंग आणि कौलांनी. कौलं महत्त्वाची नाहीत असं नाही; आपल्याकडच्या पावसात गळक्या वर्गात चार महिने पोरं कोरडा कोपरा शोधत बसतात. पण छप्पर झालं म्हणजे वाचन आलं, असं होत नाही.

ही उणीव समितीला भरून काढता येते, कारण माहिती शाळेतच असते. कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगायची आहे. शाळांत पायाभूत आणि संकलित चाचण्याही होतात. शिवाय ‘असर’ सर्वेक्षणात वापरतात ती वाचनाची तपासणी कोणत्याही आईला कळेल अशी आहे : मूल अक्षर ओळखतं, शब्द वाचतं, उतारा वाचतं की दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं. ‘असर’ २०२४ नुसार देशभरात ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच अशी गोष्ट वाचता आली. ‘निपुण भारत’चं उद्दिष्ट मात्र तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून वाचण्याचं आहे.

आपल्याकडच्या कमी पटाच्या शाळांत टक्केवारीचा उपयोग नाही. तिसरीत चारच मुलं असली तर एक मूल म्हणजे २५ टक्के. तिथे मूलनिहाय लिहावं. समजा दोघं गोष्ट वाचतात, एक शब्दांवर आहे, एक अक्षरांवर. तर मागच्या दोघांना दिवाळीपर्यंत उताऱ्यावर आणायचं, रोज अर्धा तास, कोण घेणार, एवढं लिहिलं तरी पुरे. मुलांची नावं समितीपुरती ठेवावीत, भिंतीवर लावू नयेत.

शिक्षकांचा मुद्दाही इथेच येतो. ६० पर्यंत पटाला पहिली ते पाचवीसाठी दोन शिक्षक. एक प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे पाच इयत्ता. २०२३ ला आंतरजिल्हा बदल्यांनी शिक्षक मोठ्या संख्येने जिल्ह्याबाहेर गेले तेव्हा काय झालं, ते पालकांना आठवत असेल. असे किती दिवस गेले, ते आराखड्यात नोंदलं तर मागणीला जोर येतो.

पटाचा अंदाजही डोळसपणे करायला हवा. आंबा बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी कुटुंबं येतात. त्यांची मुलं हंगामात पटावर येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. दाखला नाही म्हणून त्यांना प्रवेश नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी कलम ४ मध्ये विशेष प्रशिक्षण आहे, पण मागणी आराखड्यातूनच जायला हवी.

हे जमतं का? सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये जमलं. बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट. तिथल्या शिक्षकांनी प्रत्येक मूल कुठे अडलंय ते पाहून शिकवण्याची पद्धत बदलली आणि राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयामागे अशाच शाळांचा अनुभव होता.

आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. समितीची बैठक दरमहा असते. ती सकाळी अकराला ठेवली तर बोटीवरचा बाप आणि मासळी विकायला गेलेली आई येणार नाही. वेळ बदलून मागता येते. मागच्या वर्षीचा आराखडा आणि बैठकांचं इतिवृत्त मुख्याध्यापकांकडे असतं. सही करण्याआधी ते वाचायला मागावं.