मोटारीतील ध्वनिसंच व मार्गदर्शक यंत्र : टिकाऊपणा आणि मोल

मोटारीच्या डॅशबोर्डात बसविला जाणारा ध्वनिसंच आणि मार्ग दाखविणारे यंत्र ही दोन्ही आता बहुधा एकाच पेटीत, एकाच पडद्यामागे नांदतात. ग्राहकाच्या दृष्टीने ती एकच वस्तू असते व तिची किंमतही एकच सांगितली जाते. परंतु आयुर्मानाच्या दृष्टीने पाहिल्यास ह्या पेटीत निदान तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. ध्वनी वाढविणारा विवर्धक नीट बांधलेला असल्यास पंधरा वर्षे सहज टिकतो. पडदा आणि स्मृती ह्यांचे आयुष्य त्याच्या निम्म्याहूनही कमी ठरू शकते. आणि नकाशा व आज्ञावली ही तर वर्षा-दोन वर्षांतच शिळी होऊ लागतात. खरेदीच्या वेळी ह्या तिन्ही आयुर्मानांचा स्वतंत्र विचार न केल्यामुळे पुष्कळदा सर्वांत अल्पायुषी घटक संपूर्ण पेटीचे आयुष्य ठरवितो, आणि सुस्थितीतील विवर्धक त्याच्याबरोबर भंगारात जातो.

प्रथम उष्णतेचा विचार करणे इष्ट होय, कारण महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हाच ह्या यंत्रांचा मुख्य शत्रू आहे. नागपूर किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात सावलीतील तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा दुपारी काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतील हवा ६० अंशांच्या पलीकडे तापते, आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहूनही अधिक. चालू असलेल्या संचाच्या आतील तापमान ७५ अंश धरणे म्हणूनच अतिशयोक्तीचे होणार नाही. संचातील विद्युत्‌पुरवठा स्थिर ठेवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे ह्या उष्णतेने हळूहळू कोरडे पडत जातात. त्यांच्याविषयीचा अभियंत्यांचा स्थूल नियम असा की, तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते व दहा अंशांनी चढले की निम्मे होते. समजा, एका संचात ८५ अंशांस २,००० तास टिकणारा कपॅसिटर आहे व दुसऱ्यात १०५ अंशांस २,००० तास टिकणारा आहे. ७५ अंशांस पहिला ४,००० तास चालेल, तर दुसरा १६,००० तास. दिवसाकाठी तीन तास अशी तापलेली अवस्था गृहीत धरल्यास पहिल्याचे आयुष्य सुमारे ३.७ वर्षे आणि दुसऱ्याचे १४.६ वर्षे भरते. ह्या दोन कपॅसिटरांच्या किमतींतील फरक संचाच्या एकूण किमतीच्या मानाने नगण्य असतो. तरीही पुष्कळ स्वस्त संचांत पहिलाच वापरला जातो, कारण दुकानात मांडलेल्या संचाकडे पाहून तो फरक कोणालाही दिसत नाही.

अर्धवाहक घटकांची अशीच प्रतवारी आहे. मोटारीसाठी बनविलेल्या एकात्मिक मंडलांस 'एईसी-क्यू १००' ह्या मानकाची कसोटी लावली जाते. तिच्यातील तिसरी श्रेणी उणे ४० ते ८५ अंशांपर्यंतची व दुसरी १०५ अंशांपर्यंतची असते. घरगुती उपकरणांसाठी तयार झालेले घटक साधारणपणे ७० अंशांपर्यंतच हमी देतात. मोबाईल किंवा टॅब्लेटसाठी निघालेली चिप उचलून मोटारीच्या संचात बसविली की ती पहिल्या वर्षी उत्तम चालते, हेच तिच्या खपाचे रहस्य होय.

स्मृतीच्या झिजेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे, आणि त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण एका महागड्या मोटारीने पुरविले. टेस्ला कंपनीच्या २०१२ ते २०१८ च्या मॉडेल एस व २०१६ ते २०१८ च्या मॉडेल एक्स ह्या मोटारींतील मध्यवर्ती पडद्यामागे ८ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती होती. फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक खंड ठराविक वेळाच पुसता व लिहिता येतो. प्रस्तुत स्मृतीची ही मर्यादा ३,००० वेळांची होती. आज्ञावली आपल्या कामकाजाच्या नोंदी अखंड लिहीत राही, आणि त्यामुळे दररोज सरासरी १.४ आवर्तने खर्ची पडत. ३,००० ला १.४ ने भागल्यास सुमारे २,१४० दिवस येतात, म्हणजे सहा वर्षांहूनही किंचित कमी. स्मृती संपताच पडदा काळा पडे. त्याबरोबर मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा आणि काचेवरील धुके घालविण्याचे नियंत्रणही जाई. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने ह्यास सुरक्षिततेचा दोष मानले, व २०२१ च्या फेब्रुवारीत सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी परत बोलावण्यात आल्या. असे घटक मोटारीच्या संपूर्ण आयुष्यभर टिकावेत ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, अशी निर्मात्याची भूमिका होती. ती मान्य करावयाची तर तो घटक स्वतंत्रपणे व अल्प खर्चात बदलता यावा, हे त्या भूमिकेचे उघड पूरक विधान ठरते. दुर्दैवाने बहुतेक निर्माते पहिले विधान करतात व दुसऱ्याविषयी मौन पाळतात.

आता ध्वनीच्या शक्तीकडे वळता येईल. जवळजवळ प्रत्येक संचाच्या खोक्यावर '५० वॉट × ४' असे ठळकपणे छापलेले असते. हा आकडा कोठून येतो हे पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास स्वतः ताडून पाहता येईल. इंजिन चालू असताना मोटारीच्या बॅटरीवरील दाब १४.४ व्होल्ट धरला जातो, व ध्वनिक्षेपकाचा रोध ४ ओहम असतो. दुपदरी जोडणीच्या विवर्धकास दोन्ही दिशांनी जास्तीत जास्त १४.४ व्होल्टच उपलब्ध असतात. ह्या दाबाचा वर्ग करून ४ ने भागल्यास ५१.८ वॉट मिळतात. परंतु ही शक्ती चौकोनी तरंगाची, म्हणजे ध्वनी पूर्णपणे फाटलेला असतानाची होय. शुद्ध ज्या-तरंगासाठी ती बरोबर निम्मी, म्हणजे २५.९ वॉट भरते, व मंडलातील अपरिहार्य ऱ्हास वजा जाता १७ ते २२ वॉट हाती लागतात. फ्यूजकडे पाहूनही हाच निष्कर्ष निघतो. संचामागे १० अँपिअरचा फ्यूज असेल, तर आत शिरणारी शक्तीच १४४ वॉटच्या वर सातत्याने जाऊ शकत नाही. मग बाहेर २०० वॉट कसे पडणार? ह्याउलट, अमेरिकेतील 'सीटीए-२००६' ह्या मानकानुसार १४.४ व्होल्ट, ४ ओहम व एक टक्का विकृती ह्या अटींवर मोजलेला आकडा जो निर्माता छापतो, तो छोटा दिसला तरी विश्वासार्ह मानावा.

येथे अर्थशास्त्रातील एका सुपरिचित सिद्धांताची आठवण होणे स्वाभाविक आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, विक्रेत्यास मालाची खरी प्रत ठाऊक असून ग्राहकास ती कळत नसेल, तर चांगला माल बाजारातून हळूहळू हद्दपार होतो. मोटारीच्या ध्वनिसंचांचा बाजार हा त्याच जातीचा आहे. कित्येक स्वस्त अँड्रॉइड संचांत तर पडद्यावर दिसणारा आवृत्तिक्रमांक व स्मृतीचा आकार हेच मुळी बदललेले असतात. अशा स्थितीत ग्राहकाने जाहिरातीतील मोठ्या आकड्यांऐवजी निर्मात्याने कोणते गैरसोयीचे आकडे प्रसिद्ध केले आहेत, हे पाहावे. कार्यतापमानाची कमाल मर्यादा, विकृतीसह दिलेली शक्ती, रेडिओग्राहकाची संवेदनशीलता, दुरुस्तीच्या सुट्या भागांची उपलब्धता, ह्यांपैकी काहीच माहितीपत्रकात नसेल तर ते मौनच पुरेसे बोलके असते. किमतीची तुलनाही वार्षिक भाराने करणे योग्य. उदाहरणादाखल, १२,००० रुपयांचा संच चार वर्षे टिकला तर वर्षाला ३,००० रुपये पडतात, आणि २५,००० रुपयांचा दहा वर्षे टिकला तर २,५००; शिवाय पहिल्यात दुसऱ्यांदा बसविण्याची मजुरी धरलेलीच नाही.

मार्गदर्शनाच्या बाबतीत स्थाननिश्चिती आणि नकाशा ह्या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांच्या प्रवासकालावरून ग्राहक आपले स्थान काढतो. कालमापनातील दहा नॅनोसेकंदांची चूक म्हणजे अंतरात तीन मीटरांची चूक. उंच इमारतींवरून परावर्तित होऊन आलेला संकेत हीच चूक वाढवितो, म्हणून १५७५.४२ मेगाहर्ट्‌झबरोबर ११७६.४५ मेगाहर्ट्‌झची दुसरी कंप्रताही घेणारा ग्राहक मुंबईसारख्या शहरात अधिक उपयुक्त ठरतो. बोगद्यात मात्र कोणताच उपग्रह दिसत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील बोगद्यांत जो संच चाकाच्या गतीचा स्पंद व घूर्णदर्शी ह्यांच्या आधारे पुढील स्थान अजमावू शकतो, तोच अखंड मार्ग दाखवितो. ही युक्ती उपग्रहांहून जुनी आहे: १९८१ मधील होंडाचे व १९८५ मधील एटॅक कंपनीचे मार्गदर्शक यंत्र उपग्रहाविनाच चाले, व एटॅकचे नकाशे तर कॅसेटवर असत. मोटारीत कायमच्या बसविलेल्या यंत्राचा मोबाईलवर जर कोठे निर्विवाद वरचष्मा असेल, तर तो येथे.

परंतु नकाशाच्या बाबतीत हा वरचष्मा उलटतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरांचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. २०२१ चा नकाशा असलेल्या संचात ह्या ७०१ किलोमीटरांच्या रस्त्यावरून धावणारी मोटार शेतांतून जात असल्याचे दिसेल. त्याच काळात औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव व अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. शिळ्या नकाशाचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते राहत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ मार्गदर्शक यंत्रणेच्या भरवशावर निघालेली एक मोटार रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून खाली कोसळली व तिघे मरण पावले. पुलाचा तो भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. तेथे नकाशाची यंत्रणा मोबाईलवरील असूनही वस्तुस्थिती तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती, आणि पुलाच्या तोंडाशी पुरेसा अडथळाही उभारलेला नव्हता. नकाशाची ताजेपणाची मर्यादा ही अखेर रस्त्याविषयी कळविणाऱ्या यंत्रणेची मर्यादा असते.

ह्या सर्व कारणांस्तव अल्पायुषी भाग मोबाईलकडे व दीर्घायुषी भाग डॅशबोर्डात, अशी विभागणी शहाणपणाची ठरते. अँड्रॉइड ऑटो व कारप्ले ह्या पद्धतींत नकाशा व गणनकार्य मोबाईल करतो, आणि संच केवळ पडदा, स्पर्श व ध्वनी पुरवितो. मोबाईल तसाही काही वर्षांनी बदलला जातोच; त्याबरोबर मार्गदर्शकही नवा होतो. ताम्हिणीसारख्या घाटांत संपर्क तुटतो म्हणून त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागतो, एवढीच दक्षता पुरे. तथापि मोबाईलशी जोडलेला साधा संचही बाह्य संकेतांपासून सर्वस्वी सुरक्षित नसतो. २०२२ च्या जानेवारीत सिअ‍ॅटल येथील एका रेडिओ केंद्राने ध्वनीबरोबर पाठविलेल्या चित्रांच्या नावांस प्रकारदर्शक प्रत्यय नव्हता. तेवढ्याने २०१४ ते २०१७ च्या अनेक माझ्दा मोटारींतील संच कायमचे पुनःपुन्हा सुरू-बंद होत राहिले, व बदलीचा खर्च सुमारे १,५०० डॉलर सांगण्यात आला. पुढे कंपनीने तो सोसला. संच जितका अधिक 'बुद्धिमान', तितकी त्याला बिघडण्याची निमित्तेही अधिक.

कालगणनेचेही असेच. मूळ जीपीएस संकेतात आठवड्यांची मोजणी केवळ दहा द्विमान अंकांत होते, म्हणून ती दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये असे घडले, आणि पुढील खेप नोव्हेंबर २०३८ मध्ये यावयाची आहे. जुन्या ग्राहकांस निर्मात्याकडून सुधारित आज्ञावली न मिळाल्यास दिनांक सुमारे वीस वर्षे मागे जातो.

मोटार निवडतानाच एक गोष्ट पाहावयास हवी, ती म्हणजे संचाची जागा. आयएसओ ७७३६ ह्या मानकाने १८० × ५० मिलिमीटरांची खाच ठरवून दिली आहे. तिच्या दुप्पट उंचीच्या खाचेस बाजारात टू-डिन म्हणतात. अशी खाच असलेल्या वीस वर्षांपूर्वीच्या मोटारीतही आजचा संच बसतो. ज्या मोटारीत पडदा डॅशबोर्डाशी एकजीव केलेला असून वातानुकूलनही त्यातूनच चालते, तिच्या मालकास मूळ कंपनीखेरीज गत्यंतर उरत नाही. पुढे संच बदलताना मूळ वायरी तोडून जोडण्यापेक्षा त्या मोटारीसाठी मिळणारा कपलर वापरावा. काही शे रुपयांचा हा खर्च वाचविण्यासाठी कापलेल्या वायरी कोकणातील दमट हवेत गंजतात, व वॉरंटीचा दावाही अडचणीत येतो. आणि केवळ आवाज सुधारावयाचा असेल तर संचाआधी ध्वनिक्षेपक तपासावेत. त्यांच्या शंकूची कडा फोमची असल्यास ती दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होऊन सुटते, रबराची असल्यास पुष्कळ अधिक टिकते. दाराचे आतील आवरण काढले की हे डोळ्यांनीच पाहता येते.