आखाजीचा डाव

आखाजीच्या आसपास जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत पत्त्यांच्या अड्ड्यांवर छापे पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बातम्या येतात. या जुगारामागची प्रथा काय आहे ते बघून या, असं सांगून संपादकांनी मला धाडलं. अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका गावात मी गेलो. पैशाचे डाव तिथे होतेच, पण मी रमलो तो एका निंबाखालच्या सतरंजीवर. तिथे एक पैसाही न लावता मेंढीकोट चालला होता.

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात आणि हा सण इथे दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते, पितरांच्या नावाने घागर भरतात. घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता केली ती झोक्यावर बसलेल्या माहेरवाशिणीची. पुरुषांची आखाजी मात्र पत्त्यांत जाते, आणि त्यामागे शेतीचा हिशेब आहे. इकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजी ते आखाजी. या दिवशी जुना हिशेब मिटतो, नवा करार होतो. रब्बी घरात आलेली असते, कापूस विकून झालेला असतो, मृगाला अजून अवकाश असतो. मालक आणि सालदार एकाच वेळी मोकळे असावेत असे दिवस वर्षात हे एवढेच. उन्हाचा पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे दुपार सावलीत काढायची आणि रात्र अंगणात. चार जिवाभावाची माणसं अशा वेळी पत्ते काढणारच.

पत्त्यांचा इतिहास तसा लांबलचक आहे. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीत गंजिफा आजही रंगवतात. बावन्न पानांचा जोड युरोपियनांबरोबर आला. तो खेड्यापाड्यांत इतका मुरला की बदाम, चौकट, किलवर, इस्पिक हे शब्द आता कुणालाच परके वाटत नाहीत.

सतरंजीवर बसलेल्यांत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. सगळी हयात सालदारकीत गेलेली. समोर त्यांचा भिडू, जुन्या मालकाचा मुलगा. आजोबांची पत्ते धरायची तऱ्हा मी बघतच राहिलो. तेरा पानं उचलली, एकदा पसरून पाहिली, आणि पंखा मिटून मुठीत धरला. पुन्हा उघडून बघणं नाही. पाळी आली की दोन बोटांनी नेमकं पान बाहेर.

मेंढीकोटात सगळी झुंज चार दश्श्यांसाठी असते. तीन दश्श्या ज्यांच्याकडे गेल्या त्यांचा डाव. दोन-दोन वाटल्या गेल्या, तर ज्यांचे हात सात किंवा जास्त ते जिंकले. चारही आल्या तर मेंढीकोट. या खेळाची खुबी अशी, की ज्या पानासाठी एवढा जीव टाकायचा ते पानच दुबळं. एक्का, राजा, राणी, गुलाम यांपैकी कोणीही दश्शीला उचलून नेतो, आणि हुकमाची दुर्रीसुद्धा तिला कापते. त्यामुळे दश्शी एकट्याच्या बळावर क्वचितच घरी येते. भिडूचा हात होतोय हे ओळखून ती त्याच्या पानाखाली सोडायची, नाहीतर वरची चारही पानं पडून जाईपर्यंत दम धरायचा. तोंडाने बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. भिडूच्या मनात काय आहे ते त्याने टाकलेल्या पानांवरूनच वाचायचं.

माझ्या डोळ्यांदेखत आजोबांनी चौकटची दश्शी अकराव्या हातापर्यंत राखली. चौकटचा एक्का ते गुलाम पडून गेले होते. उरलेला धोका फक्त कापली जाण्याचा. पण दोन हात आधी भिडूने हुकूम खेळला तेव्हा समोरच्या दोघांनीही भलतीच पानं टाकली होती. म्हणजे त्यांच्याकडचा हुकूम संपलेला. आजोबांनी दश्शी उतरली, ती तिसरी. समोरचा तरुण चरफडला. आजोबा एवढंच म्हणाले, “पत्ता मोजी ले भो.” हरलेल्या जोडीने पत्ते पिसायचे आणि वाटायचे, शिक्षा एवढीच.

निरक्षर माणूस बावन्न पानं डोक्यात ठेवून जन्मभर खेळतो आणि ज्याच्या बापाच्या शेतात राबला त्याच्यासमोर बरोबरीने बसतो, याचं मला अपार कौतुक वाटलं. बायकांना मात्र या सतरंजीवर जागा नाही. ते मला खटकलं, आणि ते इथे लिहायलाच हवं.

पलीकडच्या गल्लीत तीन पत्ती होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, आणि त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. मेंढीकोट जाणणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. अंदर-बाहरचंही तेच. एक पान उघडायचं, मग दोन बाजूंना आळीपाळीने पानं टाकायची. जोडीचं पान पडेल ती बाजू जिंकली. पहिलं पान ज्या बाजूला पडतं तिची जिंकण्याची शक्यता ५१.५ टक्के. सगळं गणित एवढ्यातच संपतं. कितीही पत्ते मोजा, भिडू कितीही शहाणा असो, उपयोग शून्य. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलं आहे. पोलीस येतात ते या गल्लीत.

पूर्वी जुगाराला निदान आखाजीचं कुंपण होतं. सण सरला की पत्ते फडताळात. मोबाइलने ते कुंपण मोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर कौशल्य-नशीब असा भेद न करता बंदी घातली. तोवर बारमाही खेळायची सवय अनेकांना जडून गेली होती. सुरतेला कामाला गेलेली पोरं सणाला ताप्ती लाइनच्या गाडीने येतात आणि फोन घेऊन बसतात. चौथा भिडू मिळत नाही म्हणून निंबाखाली कधीकधी तिघांत पाच-तीन-दोन खेळावं लागतं, असं आजोबा म्हणाले.

सगळ्यात मोठी काळजी उचलीची. नव्या सालाची उचल सालदाराच्या हातात पडते ती नेमकी आखाजीला. ती रात्रीत उडाली, तर पुढचं अख्खं वर्ष फेडण्यात जातं आणि घरी किराणा उधारीवर. आजोबांच्या भिडूने त्यावर तोड काढली आहे. उचल तो सण उलटल्यावर देतो, तीही सालदाराच्या बायकोच्या हातात. यंदा कुणाला दिली, असं मी विचारलं. यंदा सालाला माणूसच मिळाला नाही, तो म्हणाला. सगळे आता रोजाने येतात.