जाळीविना कोबा

पहाटे ४.०० – मुंबईत मरोळ एमआयडीसीतला गाळा. आज १५० मिलिमीटर जाडीचा कोबा, वर फोर्कलिफ्ट फिरणार. खाली प्लास्टिक अंथरलंय. सळईची जाळी नाही. रस्ते तुंबायच्या आत सगळे मिक्सर आत घ्यायचेत.

४.२० – सहा घनमीटरच्या मिक्सरला २० किलोच्या नऊ पिशव्या स्टील फायबर, म्हणजे घनमीटरला ३० किलो. ६० मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकं वाकवलेल्या तारा. एकदम ओतल्या तर गोळे होतात. पोरगा हळूहळू सोडतो, मी रिकाम्या पिशव्या मोजते.

४.४५ – तारांमुळे स्लंप, म्हणजे मालाचा सैलपणा, उतरला. "मॅडम, थोडं पाणी मारू?" पाणी नाही, माल सैल करणारं केमिकल.

५.३० – तिसऱ्या मिक्सरमधला दहा लिटर माल धुतला, लोहचुंबकाने तारा वेचल्या. ३०० ग्रॅम हव्यात, २८५ भरल्या. चालेल. माझ्या लेखी आजचा सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच.

७.४५ – गाळ्याचे मालक, शेठ आले. "ताई, सळई वाचवलीत, मग मजबुती कुठून येणार?" प्रश्न रास्त आहे. फायबर घातला म्हणून क्यूबचा आकडा, म्हणजे दाब सोसायची ताकद, फारसा वाढत नाही; कोब्याला तडा जाणारच नाही, असंही नाही. त्याचं काम तडा गेल्यावर सुरू होतं. साधं काँक्रीट तडकलं की सुटलं. इथे तारा तड्याच्या दोन्ही बाजू धरून ठेवतात. वाकलेलं टोक सरळ होत-होत उपसलं जातं आणि तोवर कोबा भार पेलत राहतो. जाळी एकाच पातळीत असते, तीही बऱ्याचदा मजुरांच्या पायाखाली दबून तळाला जाते. तारा पूर्ण जाडीत असतात, चाक आदळतं त्या सांध्याच्या कडेलाही. शिवाय जाळी बांधायचा वेळ वाचतो. "मग वरच्या स्लॅबलाही हेच वापरू?" नाही शेठ. जमिनीवर टेकलेला कोबा वेगळा, लटकता स्लॅब वेगळा. तिथली सळई काढायची नाही.

१०.०० – पॉवर ट्रॉवेल. वर पसरलेला हार्डनर नीट घोटला नाही तर तारांची टोकं वर दिसतात आणि गंजाचे ठिपके पडतात.

दुपारी ४.०० – सांध्यांसाठी ग्रूव्ह कटिंग, ४० मिलिमीटर खोल. फायबर आहे म्हणून सांधे टाळता येत नाहीत.

६.०० – चाचणीचे क्यूब आणि बीम अजून साच्यात; उद्या पाण्याच्या टाकीत. २८ दिवसांनी बीमला खाच पाडून वाकवतील आणि तडा साडेतीन मिलिमीटर रुंदावेपर्यंत तो किती भार धरतो, ते मोजतील.

फायबरचा कोबा करून घेणार असाल, तर कंत्राटदाराकडे नुसता क्यूबचा रिपोर्ट मागू नका. धुऊन काढलेल्या तारांचं वजनही मागा.