बारीक दिसता, पण पोट मोजलंत का?

थंड पेयाची बाटली, दोन मिनिटांचे नूडल्स, घरपोच बिर्याणी आणि वजन उतरवणारी सुई, या चौघांचे पत्ते एकाच गावचे! कोका-कोला, पेप्सिको आणि नेस्ले यांची भारतातली मुख्य कार्यालयं गुरुग्रामला. झोमॅटो तिथलंच. आणि मार्च २०२५मध्ये ‘माउंजारो’ हे इंजेक्शन भारतात आणणाऱ्या एली लिलीचं कार्यालयही तिथेच.

जगात लठ्ठ माणसं किती? २०२२मध्ये शंभर कोटींच्या वर, म्हणजे आठांमागे एक. आणि गुरुग्राम ज्या हरियाणात आहे तिथे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी तिघींमागे एकीचं वजन जास्त भरलं. दूध-तुपाचा प्रांत म्हणून सोडून देण्यासारखा हा आकडा नाही.

हे ‘जास्त’ ठरतं कशावरून? वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, की झाला बीएमआय. हे सूत्र काढलं केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने, १८३२च्या सुमारास. ‘बीएमआय’ हे नाव मात्र १९७२चं. केटलेला हवा होता ‘सरासरी माणूस’. रोगी शोधणं हा त्याचा हेतूच नव्हता!

ते सूत्र आपल्याला कसं चकवतं, हे दाखवलं एका पुणेकराने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! हातपाय काटक, चरबी आत. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांची मापं घेतली, तेव्हा कळलं की आपली बाळं जन्मतःच अशी असतात : वजनाला कमी, पण चरबी राखून. म्हणूनच जगात बीएमआय ३०ला लठ्ठपणा धरतात, तर भारतीय डॉक्टर २५लाच सावध करतात. माझ्या मते हा फोटो प्रत्येक दवाखान्यात लावायला हवा.

आता गुरुग्रामची अभिमानाची गोष्ट. १७ नोव्हेंबर २०१३च्या रविवारी सकाळी तिथले काही रस्ते मोटारींना बंद झाले आणि माणसं धावायला, सायकल चालवायला, नाचायला उतरली. नाव ‘राहगिरी’. कल्पना कोलंबियातल्या बोगोटाची, तिथे हे १९७४पासून चालतं. पुढच्याच वर्षी राहगिरी दिल्लीच्या कनॉट प्लेसला पोचली. चालायला वाट मिळाली की लोक चालतात. नुसतं ‘व्यायाम करा’ म्हणून लोकांनाच बोल लावणं मला पटत नाही, आधी पदपथ द्या.

तोवर घरातली शिवणाची टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांचं ९० सेंटिमीटर किंवा बायकांचं ८० सेंटिमीटरच्या वर भरलं, तर काटा काहीही म्हणो, या आठवड्यात डॉक्टरांना भेटा.