मांजराच्या पिलाची जागा

मांजरी आपलीं पिलें सात घरें हिंडविते, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. साताचा हिशेब कोणीं ठेवला असेल तो असो. परंतु मांजरी बिऱ्हाड बदलते तें हौसेनें नव्हे. माणसांची वर्दळ वाढली, बोका फिरकूं लागला, कीं ती पिलांना मानगुटीस धरून दुसऱ्या अडचणीच्या जागीं नेऊन ठेवते. श्रोतेहो, आपण पिलूं घरीं आणतों तेव्हां तिचें हें काम आपल्या अंगावर येतें.

आठ आठवड्यांच्या आंत पिलूं आईपासून तोडूं नये. आणल्यावर सारें घर त्यास मोकळें न करतां कांहीं दिवस एकच शांत खोली द्यावी. तींत पुठ्ठ्याचें खोकें आडवें ठेवून आंत जुन्या लुगड्याची घडी घालावी. आईच्या अंगाखालचें फडकें मिळालें तर उत्तमच, कारण ओळखीच्या वासानें पिलाला धीर येतो. अन्नपाणी एका बाजूस, वाळूचें पसरट भांडें दुसऱ्या टोकास. पिलूं उड्या मारूं लागलें कीं जुन्या वाड्यांतला एखादा कोनाडाही रिकामा करून द्यावा.

खोक्याला कोणी हसूं नये. हॉलंडमधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, प्राण्यांच्या आश्रयगृहांत नव्यानें आलेल्या १९ मांजरांपैकीं १० मांजरांस लपावयास खोकीं दिलीं, ९ मांजरांस दिलीं नाहींत. खोकें मिळालेलीं मांजरें लवकर निवळलीं.

मात्र लपलेलें पिलूं ओढून काढलें कीं ही सारी व्यवस्था फुकट. मींही तें केलें आहे. नातवंडांना दाखविण्याच्या भरांत कपाटाखालून काढलेलें पिलूं दिवसभर अन्नाला तोंड लावीना. रात्रीं दिवा मालवून मी भिंतीशीं बसून राहिलों, तेव्हां कोठें तें बाहेर आलें. चोवीस तास पिलूं उपाशी राहिलें तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें, वाट पाहूं नये.

आम्हां मिरजकरांना आणखी एक काळजी. अनंत चतुर्दशीची आमची मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. माणसाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, मांजराला ६०,००० च्याही वरचा. अशा कानांवर ढोल आणि कर्णे आदळतात. म्हणून खोकें रस्त्यापासून सर्वांत दूरच्या खोलींत हलवावें, आणि तें चार दिवस आधीं. ऐन रात्रीं हलविल्यास जागाच परकी होते. त्या रात्रीं खिडक्या लावून खोक्यावर जाड गोधडी टाकावी. तोंडाकडची बाजू तेवढी उघडी ठेवावी.