जुन्या ट्रॅक्टरचा गव्हर्नर : दोष कोठे शोधावा?

नांगर खोल उतरला की ट्रॅक्टरचे इंजिन क्षणभर दबते व लगेच सावरते. तास संपून नांगर उचलला की ते बेफाम होत नाही. चालकाने हात न लावता हे घडते ते गव्हर्नरमुळे, म्हणजेच वेगनियंत्रकामुळे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या यंत्रासाठी फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर योजला. डिझेल इंजिनात तेच कार्य इंधनपंपापाशी चालते. वेग वाढला की डिझेल कमी होते, वेग घटला की ते वाढते.

हा गव्हर्नर बिघडल्याची खरी झळ मळणीच्या हंगामात पोहोचते. ट्रॅक्टरच्या मागील शाफ्टवर चालणारी अवजारे सामान्यतः दर मिनिटास ५४० फेऱ्यांसाठी बनविलेली असतात. इंजिन अकस्मात रेस झाले तर मळणीयंत्राचा ड्रम प्रमाणाबाहेर फिरतो आणि पेंढी टाकणाऱ्याचा हात जवळच असतो. मळणीयंत्रांवरील अपघातांमुळेच १९८३ मध्ये केंद्रीय धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम करण्यात आला.

जुन्या ट्रॅक्टरांत गव्हर्नरचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. एकात फिरती वजने व स्प्रिंग असते. दुसरा हवेच्या दाबावर चालतो. १९६० च्या दशकात भारतात तयार होऊ लागलेल्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरवर तो परिचित होता. यात इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या मार्गात निर्वात निर्माण होतो व एका बारीक नळीतून तो पंपाच्या मागील पडद्यापर्यंत, म्हणजे डायफ्रामपर्यंत पोहोचतो. स्प्रिंग डिझेलचा दांडा ‘जास्त’कडे ढकलते, निर्वात त्यास ‘कमी’कडे ओढतो. नळी सैल झाली किंवा पडदा फाटला तर ओढणारे कोणी उरत नाही आणि इंजिन पूर्ण डिझेल घेऊ लागते. अर्धा रुपयाएवढे छिद्रही लागत नाही. नळीच्या जोडातील केसाएवढी भेग पुरेशी ठरते.

पडद्याची परीक्षा गावातही करता येते. इंजिन बंद असताना नळी पडद्याच्या बाजूने सोडवावी, बंद करण्याची कळ ओढून धरावी, उघडे तोंड अंगठ्याने घट्ट दाबावे व कळ सोडावी. पडदा शाबूत असेल तर दांडा बहुतांशी जागेवरच थांबतो व अगदी सावकाश परततो. तो झटक्यात परतल्यास पडदा किंवा त्याची बैठक गळते आहे, असे समजावे.

वेग सतत चढत-उतरत असेल तर मात्र गव्हर्नरवर एकदम ठपका ठेवणे उचित नव्हे. पंपाने एअर घेतली असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा थ्रॉटलच्या सांध्यांत ढिलाई असेल तरी हीच लक्षणे दिसतात. प्रथम डिझेलचे जोड आवळून हवा काढावी, नंतर सांधे हलवून पाहावेत. हवेवरील गव्हर्नरच्या बाबतीत एअर क्लीनरची स्वच्छताही आवश्यक असते. तो तुंबला की निर्वात अवाजवी वाढतो, डिझेल कमी पडते व भाराखाली इंजिन दबते. दोष मात्र पंपाचा मानला जातो.

इंजिन बेफाम सुटले तर बंद करण्याची कळ तत्काळ ओढावी. केवळ डिझेलची तोटी बंद करून भागत नाही. फिल्टर व पंपातील डिझेलवर ते काही काळ चालतच राहते. कळीने न थांबल्यास हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून श्वास कोंडावा. तेथे हात किंवा फडके कधीही लावू नये. तत्पूर्वी मळणीयंत्रापासून सर्वांस दूर करावे, हे सांगणे नलगे.

पंपावरील सर्वोच्च वेगाच्या स्क्रूला सील असते. ‘जरा जोर वाढवून देतो’ म्हणून ते सील तोडणारे कारागीर कमी नाहीत. त्याने वेगाची मर्यादा वाढते आणि इंजिनाचे आयुष्य घटते; जोर मात्र मिळतोच असे नाही. हे काम पंपतपासणीच्या बाकावरच व्हावयास हवे. पंप उतरविण्यापूर्वी त्याच्या व इंजिनाच्या अंगावरील जुळणीच्या खुणा स्वच्छ पुसून पाहाव्यात, नसल्यास छिन्नीने करून घ्याव्यात. पुन्हा बसविताना त्याच उपयोगी पडतात.