दोन डिस्क, तरीही तिसरी प्रत हवी

सुरतेसारख्या व्यापारी शहरात हिशेबाचा संगणक बंद पडला की व्यवहार खोळंबतो. म्हणून दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी ‘रेड-1’ रचना वापरली जाते. मात्र बूटलोडर एकाच डिस्कवर असेल आणि नेमकी तीच निकामी झाली, तर माहिती शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही. अशा वेळी रिकव्हरी मोडमध्ये प्रथम माहितीची प्रत घ्यावी. सिरीयल क्रमांक पडताळून निकामी डिस्क बदलावी. पार्टिशनचा आराखडा शाबूत डिस्कवरून नव्या डिस्कवर उतरवावा. दिशा उलटल्यास शाबूत आराखडाच पुसला जातो. जोडी पुन्हा जुळल्यावर बूटलोडर दोन्हींवर बसवावा. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाच्या विसर्गानंतर तापीने सुरत बुडवली. तशा पुरात एकाच पेटीतील दोन्ही डिस्क एकदमच जातात. तिसरी प्रत दुसऱ्या गावीच असावी.